कारखान्यातील दवाखान्याचा फ्रीजही तपासा

महोदय,
पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपचार कक्ष हवा, असे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायदा १९४८ चे कलम ४५ सांगत असे. नाशिकच्या सातपूर, अंबड औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कारखान्यांत तो असतोही. पण आतल्या वस्तू वेळेला चालतील का, हे कोण पाहते?

धनुर्वाताची लस २ ते ८ अंश सेल्सिअसलाच ठेवावी लागते. त्याच फ्रीजमध्ये डबे, सरबताच्या बाटल्या कोंबल्या, की दार सतत उघडते आणि तापमान चढते. बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेली लस गोठते. एकदा गोठलेली लस वितळल्यावर वरवर नीट दिसली तरी निकामी झालेली असते, म्हणून ती टाकूनच द्यावी. लस मधल्या कप्प्यात ठेवावी, दारात कधीच नाही. आत थर्मामीटर असावा आणि सकाळ-संध्याकाळ नोंद व्हावी. रविवारी वीज गेली तर सोमवारी ते कळणार कसे, याचेही उत्तर हवे.

ऑक्सिजन सिलिंडरची चावी साखळीने तिथेच बांधावी. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला व्हॉल्व्ह उघडून दाब पाहावा. प्रेस शॉपमधून (पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागातून) धावत आलेल्याने तेलकट हाताने रेग्युलेटर बसवू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल-ग्रीस लागले तर पेट घेते. हे फार थोड्यांना माहीत असते.

प्लेटिंग (धातूवर मुलामा देण्याच्या) विभागात डोळ्यांत ॲसिड उडाले तर आधी जागेवरच किमान १५ मिनिटे पाण्याने डोळे धुवावेत, मगच दवाखाना. वापरलेल्या सुया टोपण न लावता पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकाव्यात.

कारखाना निरीक्षकांनी भेटीत डॉक्टरांच्या हजेरीपटाबरोबर तापमानाची वहीही मागावी.

– एक औद्योगिक आरोग्य परिचारिका, सातपूर, नाशिक