टिंकरिंग लॅबचं कुलूप काढा

संपादक साहेब, नमस्कार.

केंद्र सरकारच्या २०२५ च्या बजेटमध्ये सरकारी शाळांत ५ वर्षांत ५०,००० अटल टिंकरिंग लॅब (पोरांनी स्वतः वस्तू बनवून शिकायच्या प्रयोगशाळा) काढणार म्हणून सांगितलं, चांगलंच आहे, पण आधीच्यांचं काय? आमच्या पोराच्या शाळेतला थ्रीडी प्रिंटर अजून प्लास्टिकच्या कव्हरात आहे, साहेब लोक व्हिजिटला आले की तेवढं कुलूप निघतं आणि पोरांनी हात लावला की 'ए, मोडेल ते'! अहो मोडू दे की, त्याशिवाय सोल्डरिंग येणार कसं? पुणे जिल्ह्यातल्या पाबळला शास्त्रज्ञ डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथं गावातली पोरं वेल्डिंग, वायरिंग, शेती सगळं स्वतःच्या हातानं करून शिकतात. निदान शनिवारी दुपारी तरी लॅब उघडा आणि गावातलाच एखादा वायरमन नाहीतर फॅब्रिकेशनवाला मानधनावर बोलवा.

- एक पालक