रानातली वाट बुजू देऊ नका: एक आवाहन

सप्रेम नमस्कार,

रानाच्या कडेला राहणाऱ्या, इथे रोज फिरायला येणाऱ्या आणि लहानपणी याच वाटेने चालत शाळेत गेलेल्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे.

ओढ्यापासून टेकाडावर जाणारी आपली पाऊलवाट दोन ठिकाणी अडवली गेली आहे. खालच्या तोंडाशी काटेरी तारांचं पाच पदरी कुंपण आलं आहे आणि वर, जुन्या झाडांमधून वाट वळते तिथे, जमिनीला टेकलेली जाळी बसली आहे. जमीन ज्यांची आहे त्यांनी ती राखावी, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण या जमिनीवरून जाणारी वाट दोन पिढ्यांच्या पायांनी पाडली आहे. जमिनीचा व्यवहार झाला म्हणून वहिवाट संपत नाही.

जाळी बसली त्याच आठवड्यात ही वाट वाचवण्यासाठी झालेल्या आमच्या समितीतले काहीजण तिच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेले. ओल्या मातीत हरणांच्या खुरांचे ठसे जाळीपर्यंत आलेले होते. तिथून ते जाळीला धरून बरेच लांब गेले होते, एका ठिकाणी गोल फिरले होते आणि आल्या दिशेने परत वळले होते. पाणी जाळीच्या पलीकडे आहे. तोवर आम्ही आपल्याच चालण्याचा विचार करत होतो. ते ठसे पाहिल्यावर समितीतली चर्चा बदलली.

काहीजण कळकळीने विचारतात, माणसांचा वावर कमी झाला तर प्राण्यांचं भलंच होईल ना? हा प्रश्न आम्ही टाळत नाही. माणसाच्या वावराचा प्राण्यांवर परिणाम होतोच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा खंडांतल्या ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांची माहिती तपासली गेली. जिथे माणसांची वर्दळ जास्त, तिथे हे प्राणी दिवसा कमी आणि रात्री जास्त हिंडतात, असं त्यातून दिसलं. म्हणजे आपण चालतो तेव्हा ते बाजूला होतात आणि आपण घरी गेलो की त्याच वाटेवर येतात. रानात कॅमेरे लावणारे अभ्यासक मांसाहारी प्राण्यांसाठी ते पाऊलवाटांवरच लावतात, कारण आयती मोकळी वाट त्यांनाही सोयीची असते. एकच वाट अशी दोन पाळ्यांमध्ये वापरली जाऊ शकते. जमिनीला टेकलेल्या जाळीने दोन्ही पाळ्या बंद होतात.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. दिवसा माणसांना जाता यावं आणि रात्री प्राण्यांना. त्यासाठी आपल्यालाही थोडं सोडावं लागेल. अंधार पडल्यावर रानात जाऊ नये, कुत्र्याला साखळीशिवाय नेऊ नये, नव्या आडवाटा पाडू नयेत. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. वाटेवर चिखल झाला की प्रत्येकजण पाय वाचवायला एक पाऊल बाहेरून जातो. पुढचा त्याच्याही बाहेरून. हातभर वाट अशी रुंद होत जाते, माती दबते, तिच्यात पाणी मुरेनासं होतं आणि कडेच्या झाडांची मुळं उघडी पडतात. ही चूक आम्हीही वर्षानुवर्षं केली आहे. उपाय सोपा आहे: वाटेवर तिरके दगड बसवून पाणी उताराकडे काढून द्यायचं. पण ते काम हातांनीच करावं लागतं, आणि दर पावसाळ्याआधी पुन्हा.

कुंपणाबाबत आम्ही जागामालकांसमोर ठेवलेला प्रस्ताव ‘काढून टाका’ असा नाही. सगळ्यात खालची तार बिनकाट्याची असावी आणि जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटर वर असावी, म्हणजे हरणाचं पिल्लू, कोल्हा, ससा खालून निघून जातात. वरची तारही बिनकाट्याची आणि साधारण १०५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी, म्हणजे मोठं हरीण उडी मारताना त्याचे पाय अडकत नाहीत. काटेरी तारेत घुबडं आणि वटवाघळं अडकून मरतात. रात्री तार दिसावी म्हणून तिच्यावर पांढऱ्या पट्ट्या लावता येतात. जाळी ठेवायचीच असेल तर तिला तळाशी ठरावीक अंतरावर झरोके हवेत. ब्रिटनमध्ये घराघरांच्या कुंपणांना जेमतेम १३ सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडून काटेरी जाहकाला (हेजहॉगला) बागेतून बागेत जायला वाट करून देतात. माणसांसाठी खालच्या तोंडाशी फिरतं फाटक पुरे. त्यातून माणूस जातो, गाडी जात नाही. मालकांची काळजी बहुतेक गाड्यांचीच आहे, असं बोलण्यातून जाणवलं.

असे उपाय चालतात का? चालतात. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण घालून प्राण्यांसाठी वरून पूल आणि खालून बोगदे केले. वन्यप्राण्यांचे अपघात ८० टक्क्यांहून जास्त घटले. पण तिथल्या अस्वलांना त्या पुलांवर विश्वास बसायला काही वर्षं लागली, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर गाड्या वरून आणि प्राणी खालून अशी सोय केली, तर त्या भुयारी वाटांनी वाघही जाताना टिपले गेले. तमिळनाडूतल्या वालपराईत सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्यावर झाडापासून झाडापर्यंत पूल टांगले आहेत. आपल्याला इतक्या मोठ्या बांधकामाची गरज नाही. आपल्याला एक तार वर उचलायची आहे.

आता कागदाचा भाग, आणि इथे पैशांइतकीच तुमच्या आठवणींची गरज आहे. वाटेवरचा हक्क वापरातून सिद्ध होतो. इंग्लंडच्या १९८० च्या महामार्ग कायद्यात लोकांनी सलग २० वर्षं वाट वापरली असेल तर ती सार्वजनिक मानली जाते. भारताच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही खासगी जमिनीवरच्या वाटेच्या हक्कासाठी २० वर्षांचीच मुदत आहे. कलमं वेगळी असली तरी मागणी सारखी असते: वापर उघड होता, हक्काने होता आणि कुणी अडवला नव्हता, हे दाखवा. अडवल्यानंतर आपण गप्प बसलो तर काळ आपल्या विरुद्ध जातो. म्हणून घाई आहे.

तुम्ही या वाटेने चालला असाल, तर कधीपासून, कशासाठी, आठवड्यातून किती वेळा, हे एका कागदावर लिहून सही करून द्या. घरातल्या ज्येष्ठांना विचारा, त्यांना लिहिणं जमत नसेल तर आम्ही घरी येऊन लिहून घेऊ. जुने फोटो शोधा. मागे कुठेतरी ही वाट दिसत असेल आणि फोटोवर तारीख असेल तर तो एक फोटो दहा साक्षींचं काम करतो. आठवत नसेल ते मात्र लिहू नका. एक फुगवलेलं निवेदन बाकीच्या सगळ्यांवरचा विश्वास घालवतं.

तारा कापून टाकू, असं काही तरुण म्हणतात. त्यांचा राग आम्हाला समजतो. २४ एप्रिल १९३२ रोजी इंग्लंडमध्ये किंडर स्काउटच्या माळावर शेकडो माणसं मालकांची बंदी मोडून चालून गेली, काहींना तुरुंगवास झाला, आणि १९४९ साली तिथे रानवाटांसाठी कायदा आला. पण ते दिवसाढवळ्या, तोंड न लपवता चालले होते. रात्री कापलेली तार उद्या आणखी उंच होऊन परत येईल, आणि मालकांशी सुरू झालेलं बोलणं थांबेल. कृपया असं करू नका.

देणगी कशाला लागणार आहे तेही सांगतो. वाटेची मोजणी आणि नकाशांच्या नकला, वकिलांचा खर्च, फिरतं फाटक, तारा बदलण्याचं सामान आणि पाणवठ्याजवळ लावायला दोन कॅमेरे. तारा बदलण्याचा खर्च समितीने उचलला तर मालक तयार होतील, अशी आम्हाला आशा आहे. त्यामुळे मोठा वाटा तिथेच जाईल. रक्कम कितीही छोटी चालेल, पण पावती घेतल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. जमाखर्च दर महिन्याच्या बैठकीत वाचला जाईल, ज्यांनी काहीच दिलेलं नाही त्यांनाही तो ऐकता येईल. पैसे जमत नसतील तर एक सकाळ द्या.

येत्या रविवारी उजाडल्यावर वाटेच्या खालच्या तोंडाशी, कुंपणाच्या अलीकडे जमू. पाणी काढून देण्याचं काम आपल्या बाजूच्या वाटेवर सुरू करायचं आहे. हातमोजे आणा, घरात कुदळ किंवा घमेलं असेल तर तेही. निवेदनं लिहून घ्यायला वही आणि शाई आम्ही आणतो.