बाबांच्या प्रश्नाला उत्तर : एवढे हसता, मग काम कोण करते?

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, बाबांनी परवा फोनवर विचारलेल्या प्रश्नाला "अहो, तसे काही नसते" एवढेच म्हणून मी वेळ मारून नेली, आणि नंतर वाटले की ज्यांनी नोकरीभर पोस्टात एकेका रजिस्टर पाकिटाचा हिशेब ठेवला, त्यांना इतके मोघम उत्तर देणे बरे नव्हे. गणपतीनंतर तुम्ही दोघे माझ्याकडे राहायला आलात तेव्हा मी बरेच दिवस प्रोग्रॅम लिहिण्याचे माझे काम घरूनच करीत होते. बंद दाराआडून हसण्याचे आवाज सारखे तुमच्या कानावर पडत होते, त्यामुळे "तुम्ही सगळे एवढे खिदळता, मग काम कोण करते?" असे बाबांना वाटले तर त्यात नवल नाही.

आधी आईची शंका दूर करते. आई, तू चहा घेऊन खोलीत आलीस आणि नेमके तेव्हाच आमचा नागपूरचा सहकारी खणखणीत आवाजात म्हणत होता, "नुसत्या बापाला मारून काय उपयोग? पोरे अनाथ होऊन तशीच हिंडत राहतील. आधी पोरांना मार!" तू कप टेबलावर ठेवलास आणि एक शब्दही न बोलता बाहेर गेलीस. यात कोणाच्याही जिवाला धोका नव्हता. आमच्या सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या कामाच्या मोठ्या संगणकावर, युनिक्स नावाच्या प्रणालीच्या वळणाची प्रणाली चालते, आणि चालू असलेला प्रोग्रॅम बंद करणे याला आम्ही मारणे म्हणतो. युनिक्सचा पाया १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घातला. या प्रणालीत एक काम, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, दुसऱ्या कामाला जन्म देते, म्हणून पहिले ते पालक आणि दुसरे ते मूल. पालक आधी संपला तर मूल अनाथ होते आणि सहसा क्रमांक १ चे मूळ काम त्याला दत्तक घेते. उलट, मूल आपले काम आटोपून संपले तरी पालकाने "कसे झाले?" अशी चौकशी करीपर्यंत त्याची नोंद यादीतून जात नाही, आणि अशा संपूनही नोंदीत अडकून राहिलेल्या मुलाला आम्ही झाँबी म्हणतो. आमचा तो नागपूरकर आईचा फोन आला की भर मीटिंगमधून उठतो आणि जाताना सांगतो, "चौकशी आली आहे, घ्यायलाच हवी, नाहीतर माझा झाँबी होईल."

आता बाबांचा मुद्दा. त्या दिवशी आमच्याकडे रात्रीपासून अडकून पडलेले एक काम बंद करायचे होते, आणि यंदाच कॉलेजातून आलेली एक मुलगी त्याच्या आज्ञा उलट्या क्रमाने देण्याच्या बेतात होती. सगळ्यांसमोर तिला "तुझे चुकते आहे" असे कोणी म्हटले असते, तर ती पुढचा आठवडाभर मीटिंगमध्ये तोंड उघडती ना. त्याऐवजी बाप आणि पोरे यांवरून हशा पिकला, तीही हसली, आणि हसता हसता तिने क्रम बदलला. बाबा, बाहेरून ऐकणाऱ्याला ही टवाळी वाटते, पण तेवढ्या अर्ध्या मिनिटात एक शिकवणी झाली होती आणि कोणाला कमीपणा आला नव्हता. आमच्या थट्टेपैकी निदान निम्मी तरी अशी असते.

एकमेकांनी लिहिलेले तपासणे हे आमचे रोजचे काम असल्यामुळे, समोरच्याची चूक दाखवण्याची एखादी सोसवेल अशी रीत लागतेच. कोणाचा प्रोग्रॅम ग्राहकाकडे बंद पडला आणि तो "माझ्या मशीनवर तर व्यवस्थित चालतो" असे म्हणाला, की त्याला ठरलेले उत्तर मिळते : "मग ग्राहकाला तुझा लॅपटॉपच कुरिअर करू या." हे उत्तर आमच्या ऑफिसातले नाही. जगात जिथे जिथे संगणकाचे काम चालते तिथे ते दिले जाते, आणि ऐकणारा निमूटपणे पुन्हा शोधायला लागतो. आम्ही जे काही लिहितो त्याच्या प्रत्येक ओळीपुढे ती कोणी आणि कधी लिहिली हे दाखवणारी सोय आहे. मध्यंतरी आमचे टीम लीड एका गचाळ तुकड्यावरून चांगलेच तापले आणि हा दिवा कोणी लावला हे आत्ताच्या आत्ता काढतो म्हणून सगळ्यांच्या देखत ती सोय उघडून बसले. पडद्यावर त्यांचेच नाव आले, तेही चार वर्षांपूर्वीच्या तारखेसह. क्षणभर कोणी श्वास घेतला नाही, मग त्यांनी स्वतःच सर्वांसाठी चहा आणि क्रीम रोल मागवले. त्या दिवसापासून नवी मुले त्यांना प्रश्न विचारायला कचरत नाहीत.

काम किती झाले, असे मात्र आमचे लीड आता टक्क्यांत विचारीत नाहीत. बेल लॅब्समधल्याच टॉम कारगिल यांचे एक म्हणणे आमच्यात प्रसिद्ध आहे : पहिल्या ९० टक्के कामाला ठरलेल्या वेळातला ९० टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या १० टक्क्यांना आणखी ९० टक्के. बेरीज १८० होते, हे बाबांच्या लगेच लक्षात येईल.

पोस्टातल्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते, कारण ही थट्टा आमच्या पिढीने काढलेली नाही हे तुम्हाला पटावे अशी माझी इच्छा आहे. इंटरनेट कसे चालावे याचे नियम आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहिलेले असतात, आणि त्यांची भाषा कोणत्याही सरकारी परिपत्रकाइतकी रुक्ष असते. १ एप्रिल १९९० रोजी त्याच भाषेत, त्याच साच्यात १,१४९ क्रमांकाचा दस्तऐवज निघाला आणि त्यात संगणकावरची माहिती कबुतरांच्या पायाला बांधून कशी पाठवावी याचे नियम दिले होते. लिहिणाऱ्याने गंमत म्हणून लिहिले, पण नॉर्वेतल्या बर्गन येथील उत्साही मंडळींनी २००१ साली ते खरोखरच करून पाहिले. ९ निरोप पाठवले, त्यांपैकी ४ निरोपांचीच उत्तरे परत आली, आणि सर्वांत उशिराच्या उत्तराला पावणेदोन तासांहून थोडा अधिक वेळ लागला. निम्म्याहून जास्त टपाल गहाळ झाल्याबद्दल बाबांच्या हाताखाली कोणाची खैर नसती, पण त्या मंडळींनी हे आकडे अभिमानाने जगाला सांगितले. माझ्या मते त्यात निव्वळ टवाळकी नव्हती, कारण मधले वाहन तार असो वा कबुतर, नियम तेच चालतात हे त्यांनी करून दाखवले होते. पुढे १९९८ च्या १ एप्रिलला कॉफी करणाऱ्या यंत्रांसाठीही असाच दस्तऐवज आला. त्यानुसार चहाच्या किटलीकडे कॉफी मागितली तर किटलीने ४१८ क्रमांकाचे उत्तर द्यावे, म्हणजे "मी किटली आहे" असे कळवावे. आमच्या पँट्रीतल्या चहाच्या यंत्रावर ४१८ असा कागद चिकटवलेला आहे, तो यामुळेच.

बाकीची थट्टा मात्र कामाची नसते, रोजच्या जगण्याची असते. सकाळी आमची एक छोटी बैठक होते, तिला स्टँडअप म्हणतात, कारण ती लांबू नये म्हणून उभ्यानेच घ्यायची असते. हिंजवडीची वाहतूक तुम्ही पाहिलीच आहे. एकदा एक जण फोनवरून बैठकीत आला आणि म्हणाला, "मी केव्हाचा भूमकर चौकात उभाच आहे, तेव्हा माझे स्टँडअप झाले असे धरा." खंडेनवमीला आम्ही लॅपटॉपवर हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहिली, तर सोलापूरच्या मुलीने आता शस्त्रे पूजेत आहेत, उत्तरपूजा होईपर्यंत हात लावता येणार नाही असा धर्मशास्त्राचा दाखला काढला. आईला आठवत असेल, सरस्वतीपूजनाला मी अभ्यासाच्या वह्यांच्या बाबतीत हेच करीत असे. लीडनी शांतपणे सांगितले की सर्व्हर पूजेत ठेवलेला नाही.

सगळीच थट्टा मला आवडते असे नाही. टेस्टिंगच्या, म्हणजे तयार प्रोग्रॅम चालवून तपासणाऱ्या मुलींना "तुम्ही काय, नुसत्या चुका काढता" असे हसत हसत म्हणणारे काही जण आहेत, आणि तिथे मी हसत नाही, तसे बोलूनही दाखवते. शिवाय हल्ली एआयकडून प्रोग्रॅम लिहून घेण्याची पद्धत आली आहे, त्यावरून एक जण म्हणतो, "पूर्वी माझ्या चुका मला एकट्याला कराव्या लागत, आता मदतनीस मिळाला." सगळे हसतात, पण त्या हसण्याच्या तळाशी काळजी असते, हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. नोकरकपातीच्या बातम्या बाबा कात्री लावून ठेवतात, हे मला आईने सांगितले आहे. माझ्या हातात सध्या भरपूर काम आहे आणि नवे शिकणेही चालू आहे. तेव्हा ती कात्रणे जपून ठेवायला हरकत नाही, पण रात्री झोपण्यापूर्वी वाचू नयेत.

शेवटी एक विनंती. मुलगी संगणकात आहे म्हणून वाड्यातल्या प्रत्येकाच्या मोबाइलची, टीव्हीची आणि प्रिंटरची जबाबदारी बाबांनी माझ्या वतीने घेऊ नये. प्रिंटर दुरुस्त करणे हा वेगळा धंदा आहे, आणि आमच्या टीममध्ये तो कोणालाही येत नाही. शेजारच्या काकांना तूर्त एवढेच सांगा की प्रिंटर बंद करून, थोडे थांबून, पुन्हा सुरू करावा. मी दिवाळीला घरी आले की आधी तेच करणार आहे, फक्त चेहरा जरा गंभीर ठेवून.

आईने गुडघ्याची गोळी वेळेवर घ्यावी. कळावे.

तुमची,
धाकटी