उद्यमनगरातील वायरमन मिस्त्रींस जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

माझ्या जुन्या मर्सिडीज एस-क्लासच्या एअर सस्पेन्शनची उंची चालकाला हवी तेव्हा वाढवता येईल, अशी सोय आपण करून दिलीत. तोंडी आभार मानून झालेच आहेत. परंतु हे काम ज्या विचाराने झाले, तो अशा गाड्या बाळगणाऱ्या इतरांनाही कळावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१९९८ साली आलेल्या या डब्ल्यू२२० (एस-क्लासच्या त्या पिढीचे कंपनीतले सांकेतिक नाव) मालिकेत स्प्रिंगांच्या जागी हवेवरचे स्ट्रट, म्हणजे हवा भरून गाडी तोलणारे खांब, आहेत. कंपनीच्या बटणाने गाडी जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर उचलली जाते आणि वेग वाढताच पुन्हा खाली बसते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा; आमच्या कॉलनीतला मात्र भिंत आडवी पाडल्यासारखा आहे आणि त्यावर गाडीचे पोट हमखास घासत असे. गंमत अशी की, याच कंपनीच्या जुन्या ३०० एसईएल ६.३ मध्ये गाडी वर घेण्यासाठी डॅशबोर्डखाली ओढायची मूठ होती.

एका गॅरेजने सगळी हवेची यंत्रणा काढून साध्या स्प्रिंगा बसवण्याचा सल्ला दिला होता. हौशी मंडळी चार चाकांना चार स्विच लावून व्हॉल्व्ह थेट हाताने चालवतात. त्यात डिकीत सामान भरले की गाडी आपोआप समतल होणे थांबते, शिवाय बोट स्विचवर जास्त वेळ राहिले तर हवा भरणारा कॉम्प्रेसर तापून जळण्याची भीती असते. आपण या दोन्ही वाटा नाकारल्यात आणि कंपनीच्या कंट्रोल युनिटला, म्हणजे हवा कधी भरायची ते ठरवणाऱ्या गाडीतल्या संगणकाला, हातही न लावता काम केलेत.

पुढच्या दोन चाकांपाशी दोन आणि मागच्या अ‍ॅक्सलवर एक, असे उंची मोजणारे तीन सेन्सर या गाडीत असतात. त्यांच्या लिव्हरचा कोन बदलला की सिग्नलचा व्होल्टेज बदलतो. आपल्या छोट्या सर्किटने त्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक पाडला, की युनिटला गाडी खाली बसल्यासारखी वाटते आणि ते स्वतःच, स्वतःच्या सगळ्या तपासण्यांसह, हवा भरते. डॅशबोर्डवरचा खटका बंद केला की रिले (विजेवर चालणारा स्विच) सुटतो आणि सेन्सरच्या तारा पूर्वीसारख्या थेट जोडल्या जातात. म्हणजे सर्किटचा वीजपुरवठा तुटला, तरी गाडी कंपनीच्या उंचीवरच येते. मूळ वायरिंगची एकही तार आपण कापली नाहीत. दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली जोडतार मध्ये घातलीत, त्यामुळे उद्या सगळे काढून ठेवायचे म्हटले तर पान्हासुद्धा लागणार नाही.

आपण मापे घेत होतात, ते दृश्य मला विसरता येणार नाही. टेप जमिनीपासून न लावता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत लावत होतात, कारण टायरमधली हवा कमी-जास्त असली की जमिनीपासूनचे माप फसवते. मागच्या लिव्हरची चाल पुढच्यांपेक्षा वेगळी, म्हणून तिन्ही सिग्नलांचे प्रीसेट (व्होल्टेज जुळवण्याचे छोटे स्क्रू) स्क्रू-ड्रायव्हरने केसभर फिरवून पुन्हा टेप लावायची, हे आपण न कंटाळता करीत राहिलात. पुढची बाजू एकटीच उचलली गेली असती, तर हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता, हेही आपणच दाखवून दिलेत. गाडीखाली शिरण्यापूर्वी आपण लोखंडी स्टँड लावायला लावलेत; हवेच्या भरवशावर खाली झोपायचे नाही, ही आपली ताकीद मी पाळतो.

आणखी उंची मागितल्यावर आपण स्पष्ट नकार दिलात, याचे आभार वेगळे मानतो. त्यापुढे स्ट्रट पूर्ण ताणला जाऊन गाडी आपटू लागते आणि चाकांचे अलाइनमेंटही बिघडते. खटका चालू असेपर्यंत पेटणारा लाल दिवा पाहून मी कॉलनी ओलांडताच खटका बंद करतो.

बिलामागे आपण पेन्सिलीने काढलेली सर्किटची आकृती लॅमिनेट करून गाडीतच ठेवली आहे. पावसाळ्यापूर्वी कनेक्टर तपासण्यासाठी गाडी घेऊन येईन.

आपला कृतज्ञ,
एक गाडीमालक