साउथडेल: पहिल्या बंदिस्त मॉलची गोष्ट

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. त्यातलं एक वाक्य मला स्वस्थ बसू देईना. ‘मॉल ज्याने काढला त्याने शहरांचं वाटोळं केलं,’ असं तू लिहिलंस. वाटोळं झालं हे मलाही दिसतं. पण ज्याच्यावर तू ठपका ठेवतोस त्या माणसाची, व्हिक्टर ग्रुएनची, गोष्ट तुला नीट ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं, कारण मी त्याच्या मॉलच्या शेजारीच राहतो आणि त्याच्याविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. तू नगररचना शिकवतोस. म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराला खेटून एडायना नावाचं उपनगर आहे. तिथे ८ ऑक्टोबर १९५६ रोजी साउथडेल सेंटर उघडलं. खर्च दोन कोटी डॉलर, दुकानं ७२, गाड्या लावायला ५,२०० जागा. पहिल्या दिवशी पाऊण लाख माणसं लोटली म्हणतात. अमेरिकेत शॉपिंग सेंटरं आधीही होती, पण ती उघडी. दुकानांची तोंडं आतल्या बाजूला, मधल्या मोकळ्या चौकावर छप्पर आणि सगळीकडे सारखीच हवा, असं पूर्ण बंदिस्त मॉल म्हणून साउथडेलचंच नाव पहिलं घेतात. पुढे देशभर जे मॉल उभे राहिले ते याच नमुन्यावर.

आराखडा व्हिक्टर ग्रुएनचा. मूळचा व्हिएन्नाचा ज्यू, जन्म १९०३. वास्तुकलेचं शिक्षण घेतलेला आणि रात्री राजकीय कॅबरेत, म्हणजे राजकारणाची टर उडवणाऱ्या रंगमंचीय प्रयोगांत, काम करणारा. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळला आणि हा जीव घेऊन न्यूयॉर्कला आला. खिशात आठ डॉलर होते, असं सांगतात. सुरुवातीला त्याने दुकानांच्या दर्शनी बाजू सजवल्या. मग मोठी कामं मिळत गेली. डेट्रॉइटजवळ १९५४ मध्ये उघडलेलं नॉर्थलँड त्याचंच, पण ते उघडं होतं. मोटारीचा त्याला मनस्वी तिटकारा होता. माणसं पायी फिरतात, कॉफी पीत बसतात, ओळखीचा भेटला की थांबतात, ते व्हिएन्नातलं जगणं त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. अमेरिकन उपनगरात बाई घरात एकटी, पुरुष गाडीत एकटा. त्यांना एकत्र यायला जागा हवी, हे त्याचं म्हणणं. दुकानं हे त्याच्यासाठी त्या जागेचा खर्च भागवायचं साधन होतं.

डेटन्स हे मिनियापोलिसचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर आणि ते पाच डेटन भाऊ चालवत. गिऱ्हाईक उपनगराकडे निघालंय हे त्यांनी हेरलं होतं. ग्रुएनने त्यांच्यापुढे हिशेब ठेवला की इथल्या हवामानात बाजारहाटाला बरे दिवस वर्षाकाठी जेमतेम १२६. आत्ता जानेवारीत इथे बाहेर पडायचं तर कपड्यांचे थर चढवायलाच दहा मिनिटं जातात, म्हणून मला तो हिशेब सहज पटतो. छपराचा खर्च अवाढव्य होईल अशी भीती असणारच, पण झालं उलटंच. दुकानाच्या दाराबाहेरही छप्परच असल्याने ऊन-बर्फ लागत नसे, म्हणून दुकानांना मजबूत भिंती आणि जड दारं लागेनात, समोरची बाजू सताड उघडी ठेवता आली. जागा आखडली, दोन मजले एकावर एक बसले. गाडीतळ असे उतरते केले की काही लोक थेट वरच्या मजल्यावर शिरतील, काही खालच्या, म्हणजे कोणताच मजला ओस पडणार नाही. मालाचे ट्रक तळघरातून येत, गिऱ्हाइकाच्या नजरेस पडतच नसत. आणि डेटन्सने डोनाल्डसन्स या आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्यालाच दुसरं मोठं दुकान म्हणून आत घेतलं. एकाच्या जाहिरातीवर आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडेही डोकावतं. आज हे कुणालाही सुचेल, तेव्हा ते धाडसाचं होतं.

मधल्या चौकात कारंजं, झाडं, पक्ष्यांचा उंच पिंजरा, उपाहारगृहाची टेबलं, वरून येणारा उजेड. सिंफनी ऑर्केस्ट्राच्या मदतीसाठी तिथे नृत्यसमारंभ होत. शिल्पकार हॅरी बर्टोयाने घडवलेली धातूची दोन सोनेरी झाडं मात्र अजून उभी आहेत. वरच्या मजल्यावर कठड्याला टेकून पाहिलं तर नजरेच्या पातळीवर त्यांचे शेंडे येतात, आणि कळतं की ती वेगवेगळ्या उंचीवर जोडलेल्या चपट्या पत्र्यांची आहेत. खिडकीतलं ऊन सरकतं तसा एकेक पत्रा चमकून विझतो. सकाळी दुकानं उघडायच्या आधी म्हातारी माणसं त्यांच्याभोवती चालायला येतात, कारण बाहेरचे रस्ते बर्फाने घसरडे असतात. ग्रुएनला जे हवं होतं त्यातलं हे एवढं तरी मी डोळ्यांनी पाहतो.

आता मुद्द्याचं. ग्रुएनने काढला होता तो फक्त मॉलचा नकाशा नव्हता. डेटन्सने ४६३ एकर जमीन घेतली होती आणि त्यावर घरं, शाळा, दवाखाने, बाग, तळं असं अख्खं गाव कागदावर मांडलं होतं. मॉल त्या गावाचा फक्त चौक. उभा राहिला तो चौकच, कारण पैसा तिथे होता. भोवतालच्या जमिनीचे भाव चढले आणि ती तुकड्या-तुकड्यांनी भरत गेली. रुग्णालय आलं, कचेऱ्या आल्या, पण जो तो आपापल्या गाडीतळाच्या मधोमध. इथून तिथे पायी जायचं तर आजही धड रस्ता नाही. मला वाटतं, सगळं बिघडलं ते इथे.

आणि बिघाड देशभर पसरला त्यामागे कायदा होता. १९५४ साली अमेरिकन काँग्रेसने आयकरात बदल केला. त्याआधी इमारतीचा घसारा, म्हणजे झिजेमुळे किमतीत होणारी घट, करासाठी साधारण चाळीस वर्षांत सारख्या हप्त्यांनी दाखवायचा. आता पहिल्या काही वर्षांतच त्याचा मोठा भाग दाखवता येऊ लागला. नवीन इमारत बांधा, कागदावर तोटा दाखवा, दुसऱ्या मिळकतीवरचा कर वाचवा, घसाऱ्याचा फायदा ओसरला की विका आणि पुढची बांधा. सवलत नव्या बांधकामाला होती, जुनी इमारत दुरुस्त करून वापरणाऱ्याला नव्हे. मग शहरातल्या जुन्या पेठेत पैसा घालणार कोण? शेतजमीन स्वस्त होतीच, आणि १९५६ मध्येच आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. दिलीप, तू ठपका ठेवणारच असशील तर या दोन कायद्यांवर ठेव. माणसावर आधी नको.

नामवंत अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट उद्घाटनानंतर लगेच येऊन गेला आणि त्याने चौकाची यथेच्छ निंदा केली. गावातल्या रस्त्याचे सगळे दोष यात आहेत, लोभसपणा तेवढा नाही, असा त्याचा सूर होता. मला ती टीका उथळ वाटते. चौकात काही कमी नव्हतं, कमी होतं ते त्याच्या भोवती.

मूळ शहरावर काय परिणाम झाला, तर मिनियापोलिसने मॉलचंच अनुकरण केलं. १९६२ पासून डाउनटाउनमध्ये इमारतींना जोडणारे बंद पूल, म्हणजे स्कायवे, उभे राहू लागले. १९६७ मध्ये निकोलेट अव्हेन्यूवरून मोटारी हटवून बस आणि पादचाऱ्यांसाठी निकोलेट मॉल नावाचा रस्ता केला. तरी डेटन्सचं तिथलं जुनं दुकान, नावं बदलत बदलत, २०१७ मध्ये बंद झालंच. डेटन कुटुंबाने मात्र १९६२ साली रोझव्हिलला टार्गेट नावाचं स्वस्त दुकान काढलं होतं. आज कंपनीचं नावच ते आहे.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. चौक म्हटलं की सभा आली, पत्रकं आली, भांडण आलं. पोर्टलंडच्या लॉइड सेंटर मॉलमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्यांना सुरक्षारक्षकांनी थांबवलं, आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही खासगी मालमत्ता आहे, मालक मनाई करू शकतो. ग्रुएनला व्हिएन्नाचा चौक इथे आणायचा होता, आणि त्या चौकात सभाच घेता येत नाही.

त्यालाही हे सगळं उमगलं होतं. १९६८ मध्ये तो व्हिएन्नाला परत गेला, तर तिथेही १९७६ साली शहराच्या दक्षिणेला भलंमोठं मॉल उघडलं. १९७८ मध्ये लंडनच्या भाषणात त्याने या सगळ्या मॉलचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं. त्यांच्यासाठी पोटगी द्यायला आपण बांधील नाही, अशा अर्थाचं तो बोलला. दोन वर्षांनी गेला. आपलं आयुष्यभराचं काम आपल्याच डोळ्यांदेखत उलटं झालेलं पाहायचं, याचा विचार केला की मला फार वाईट वाटतं.

साउथडेल अजून चालू आहे. १९९२ मध्ये शेजारच्या ब्लूमिंग्टनला मॉल ऑफ अमेरिका उघडलं, मग ऑनलाइन खरेदी आली, तरी ते टिकलं. जेसीपेनी हे डिपार्टमेंट स्टोअर गेलं आणि त्या जागी मोठी व्यायामशाळा आली. जिथे नुसत्या गाड्या उभ्या असत तिथे अपार्टमेंट झाली, हॉटेल झालं. अर्धशतक उलटून गेल्यावर चौकाशेजारी माणसं राहायला आली आहेत, पण भाडं परवडणारीच.

आता तुझं मत हवं आहे. नगरपालिकेने तेव्हा अट घातली असती की घरं आणि शाळा आधी, मॉलला परवानगी नंतर, तर डेटन्सने बांधलं असतं की जमीन विकून दुसरीकडे गेले असते? मला वाटतं बांधलं असतं, कारण ४६३ एकर एकदा हाती आल्यावर सहज सोडवत नाहीत. तू परवानग्यांच्या फायली पाहिल्या आहेस, तुझा अंदाज वेगळा असेल. विद्यार्थ्यांपुढेही हा प्रश्न ठेव आणि ते काय म्हणतात ते कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश