उंदेरीच्या टाक्यांतला गाळ आधी काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर समुद्रात उंदेरी दिसते, तिच्यापलीकडे खांदेरी; दोन्ही बेटांवरचे किल्ले. जुलै 2025 मध्ये खांदेरी जागतिक वारसा यादीत गेली. 1680 साली जंजिऱ्याच्या सिद्दीने तटबंदी घातलेली उंदेरी मात्र बाहेर राहिली. खांदेरीवर वेताळाचं देऊळ आहे, 1867 चं दीपगृह आहे, धक्का आहे, म्हणून तिथे माणसांचा राबता टिकला. उंदेरीला भरती बघून तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, होडी खडपाला टेकवतो आणि आपण उडी मारायची. आत गवतात लोळणाऱ्या तोफा, रानाने गिळलेले चौथरे आणि गाळाने भरलेली पाण्याची टाकी.

मी जन्मभर बांधकामाचे नकाशे काढले. निवृत्तीनंतर मुलाकडे जपानला गेलो, तेव्हा होदेन बंदरातून दहा मिनिटांत होडीने इनुजिमा बेटावर उतरलो. तिथला तांब्याचा कारखाना 1909 साली सुरू झाला आणि तांब्याचे भाव कोसळल्यावर दहाच वर्षांत बंद पडला. पुढे जवळजवळ नव्वद वर्षं नुसते भग्न अवशेष. वास्तुविशारद हिरोशी सांबुइची यांनी 2008 मध्ये त्यातच संग्रहालय केलं. जुनी धुरांडी पाडली नाहीत, त्यांनाच हवा खेचायला लावलं. उन्हाळ्यात बाहेरची हवा जमिनीखालच्या लांब बोळातून येता येता गार होते, हिवाळ्यात काचेच्या दालनात उन्हाने तापते. भिंतींना तिथेच तांबं गाळून उरलेल्या मळीच्या काळ्या विटा. त्या विटेवर मी बराच वेळ हात ठेवून उभा होतो. शेजारच्या तेशिमावर 2010 मध्ये संग्रहालय झालं, तेव्हा भोवतालची पडीक भातखाचरं गावकऱ्यांना बरोबर घेऊन पुन्हा लागवडीला आणली.

आपल्याकडे ‘बेटाचा विकास’ म्हटलं की पेव्हर ब्लॉक, काँक्रीटची कॉटेजेस आणि रंगीत दिवे हेच चित्र कागदावर उतरतं. मीही अशी कामं कागदावर काढली आहेत, म्हणून पोटतिडकीने लिहितो. उंदेरीला नवी इमारत नको. पहिलं काम टाक्यांतला गाळ उपसण्याचं. पावसाचं पाणी साठलं, तरच बेटावर माणूस दिवसभर थांबू शकेल. मग तटावर उगवलेले वड-पिंपळ जाणकारांकडून काढून घ्यावेत. नुसते उपटले तर चिरे सुटतात. पायवाट जुन्या वाटेवरूनच जावी. उतरायची जागा थळच्या तांडेलांना विचारून ठरवावी, कारण कुठलं खडप कोणत्या भरतीला बुडतं, हे कुठल्याही नकाशात नसतं. होड्या, राखण आणि येणाऱ्यांचं जेवण थळच्या कोळीवाड्याकडेच द्यावं.

पावसाळ्यात होड्या बंद असतात. तेवढ्यात आराखडा तयार झाला, तर दिवाळीनंतर उपसा सुरू करता येईल. टाक्यांची मापं घेऊन नकाशे काढून द्यायला मी तयार आहे, विनामोबदला.

– एक निवृत्त आरेखक, थळ (ता. अलिबाग)