'समजलं का?'च्या जागी दिलेल्या पेन्सिलीबद्दल

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली तेव्हा निरोपसमारंभाच्या गडबडीत बोलायचं राहिलं, म्हणून हे जाहीर पत्र.

वर्गात 'समजलं का?' विचारलं की 'होऽऽ' असा एका सुरात गजर होतो, हे कुठल्याही शिक्षकाला वेगळं सांगायला नको. पोरं खोटं बोलत नसतात. न अडखळता वाचता आलं म्हणजे समजलं, असं त्यांना मनापासून वाटतं. तुम्ही चौथीच्या फळ्यावर उतारा लिहिलात: समुद्राच्या तळाशी जराही उजेड पोचत नाही; तिथले काही मासे आपलं खाणं रंगावरून ओळखतात. सगळ्यांनी खडाखडा वाचला. 'काही खटकतंय?' 'नाही बाई!' मग तुम्ही विचारलंत, 'मिट्ट काळोखात रंग दिसतो होय रे?' मागच्या बाकावरून 'आयला!' आलं, आणि तुम्ही चक्क हसलात.

असाच माशांचा उतारा एलन मार्कमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वापरला होता, हेही तुमच्याकडूनच कळलं. तिथल्या सहावीच्या मुलांच्याही अशा विसंगती बऱ्याचदा नजरेतून सुटल्या होत्या. आपलीच पोरं कच्ची, हे रडगाणं त्या दिवशी बंद झालं.

मग प्रत्येकाच्या हाती पेन्सिल आली. अडलं तिथं समासात बारीक प्रश्नचिन्ह. परिच्छेद संपला की पुस्तक पालथं घालून शेजाऱ्याला आपल्या शब्दांत सांगायचं; नाही जमलं तर मागे जाऊन पुन्हा वाचायचं. प्रश्नचिन्ह काढणाऱ्याला तुम्ही शाबासकी द्यायचात, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एरवी 'कळलं नाही' म्हणणं म्हणजे चारचौघांत हसं करून घेणं.

'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेचं तिसरीचं उद्दिष्ट आहे मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह. घड्याळ लावून शब्द मोजणं सोपं, त्यामुळे 'अर्थासह' नेहमी मागे पडतं. आता समास चाळला की कोण कुठे अडलंय ते मला दिसतं, आणि मुख्य म्हणजे त्या पोरालाही दिसतं.

एक बदल मात्र मी केलाय, रागावू नका. गोष्ट रंगात आली असेल तर मध्ये थांबवत नाही, शेवटापर्यंत जाऊ देते. परिसर अभ्यास आणि गणितातली शाब्दिक उदाहरणं यांना मात्र सूट नाही.

तुमची ती फसव्या उताऱ्यांची वही अजून असेल तर पानांचे फोटो पाठवाल का? माझा साठा संपत आलाय, आणि पोरं आता बालभारतीच्या पुस्तकातच चुका शोधायला लागली आहेत.

तुमची,
शेजारच्या वर्गातली बाई